डबा रिकामाच पाठवा

आमच्या आळीत माझ्या पाठीमागे मला ‘रिकामा डबा’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण मी वळणापलीकडे गेले की बायका हसतात आणि ते मला ऐकू येतं. हसोत. नाव काही उगाच पडलेलं नाही.

दिवाळीत शेजारचा फराळाचा डबा घरी आला की तो रिकामा परत करायचा नसतो. दोन करंज्या घाला, मूठभर चिवडा घाला, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर घाला, पण डब्याच्या तळाशी काहीतरी गेलंच पाहिजे. दिवेआगरात हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं बघून बघून शिकतात. आणि मी एका दिवाळीच्या आधी घरोघरी जाऊन, उंबऱ्यात उभी राहून सांगून आले, “आमचा डबा रिकामाच पाठवा. घासून, पुसून, रिकामा.” ऐकणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “लोकांच्या हातचं विटाळतं का गं तुला?” आणि त्यांनी चार दिवस अबोला धरला.

मला कुणाच्या हातचं विटाळत नव्हतं. मला शेंगदाण्याची भीती होती.

लेक दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणीच्या डब्यातली दाण्याची चटणी भाकरीला लावून खाल्ली. शाळेतून निरोप आला म्हणून मी धावत गेले, तर तिचे ओठ सुजून वाकडे झाले होते, डोळे मिटत आले होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मागच्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्या पाहुण्यांना आणायला नवरा आमची गाडी घेऊन गेलेला. पाव टाकून परत निघालेला बेकरीवाल्या भाईंचा टेम्पो शाळेसमोर उभा होता. भाईंनी एक शब्द न विचारता पावाचे रिकामे ट्रे रस्त्यावर उतरवले आणि आम्हाला आत घेतलं. म्हसळ्यापर्यंतचा तो रस्ता मी आजही डोळे मिटून सांगू शकते. लेकीच्या छातीवर हात ठेवून बसले होते आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं की आता हा हात वर उचलला जाणार नाही.

ती वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, हिला दाण्याची ॲलर्जी आहे. दाणा नको, दाण्याचा कण नको, तेल नको, दाणा लागलेला चमचाही नको. एक इंजेक्शन लिहून दिलं आणि ते कसं द्यायचं ते मला शिकवलं. मी पाहुण्यांसाठी आणलेल्या केळ्यांवर सराव केला. तेव्हापासून एक निळी पिशवी माझ्या खांद्याला लटकलेली असते. त्यात ते इंजेक्शन. आंघोळीला गेले तरी ती न्हाणीच्या खुंटीला अडकवलेली असते.

चटणी ज्या मैत्रिणीची होती, ती भाईंचीच मुलगी. दोष कुणाचाच नव्हता, दाण्याची चटणी कुणाच्या डब्यात नसते? हे मला कळत होतं. पण ती पोर दिसली की आधी तिच्या हातात काय आहे तेच मी बघायचे.

आपल्याकडे दाणा कुठे नाही हे एकदा शोधून बघा. खिचडीत दाणे, भरल्या वांग्यात कूट, चिवड्यात दाणे, देवळातल्या प्रसादात दाणे, पाहुण्यांच्या पोरांच्या हातात चिक्की. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं म्हणतात, मी तर पाणीही फुंकून प्यायला लागले. लेक कुठेही गेली, शाळेत, लग्नात, वाढदिवसाला, अगदी भाईंच्या घरी अभ्यासाला गेली तरी तिचा स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली बरोबर. भाईंचं घर आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून, भट्टीच्या मागे. तिथे जायला मी कधी नको म्हटलं नाही. अट एकच, दुसऱ्याच्या ताटातलं काही तोंडात घालायचं नाही. डबा रोज रिकामा परत यायचा आणि त्या एका रिकाम्या डब्याचं मला समाधान असायचं. पोर जेवते, आपलंच जेवते.

गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला मी तिला शेजारच्या ओट्यावर बघितलं. आळीतली सगळी पोरं एका परातीभोवती बसली होती. कुणी कुणाची शंकरपाळी पळवत होतं, कुणी दुसऱ्याचा लाडू अर्धा खाऊन परत ठेवत होतं. माझी लेक खालच्या पायरीवर, मांडीवर डबा घेऊन चकली खात होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नीट, एकेक वेटोळं मोडून, सांडू न देता खात होती, दवाखान्यात बसलेल्या माणसासारखी.

त्या क्षणी मी ठरवलं, पुढच्या दिवाळीला एक ताट. आळीतल्या सगळ्या पोरांचे हात ज्यात जातील असं एक ताट, आणि त्यात माझ्या लेकीचाही हात.

करायचं काय, यावर मी वर्षभर डोकं चालवलं. शेवटी नानकटाईवर येऊन थांबले. नाचणीची. साखरेऐवजी गूळ, मैद्याऐवजी नाचणी आणि थोडी कणीक, भाजलेलं खोबरं, घरचं तूप. पोरांनीच करायची, पोरांनीच सजवायची. आयांना मी ‘बिनदाण्याची’ असं सांगितलंच नाही. तसं म्हटलं की सगळ्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मी म्हटलं, “पौष्टिक आहे, रंगसुद्धा बिटाचा आणि हळदीचा.” लगेच पाठवली पोरं.

नाचणी मी घरीच भाजली आणि घरच्या मिक्सरवर दळली, गिरणीवर माझा भरवसा नाही. नाचणी हट्टी. एकटी ठेवली तर वाळूसारखी ओघळते, कणीक जास्त झाली तर भाकरी होते. पहिल्या दोन खेपा कढईत मीठ घालून भाजल्या त्या सासूबाईंनी म्हशीला घातल्या. म्हशीनं खाल्ल्या, हेही त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

धनत्रयोदशीला दुपारी पोरं जमली. पडवीत जुनी चादर अंथरली होती. आधी मी सगळ्यांना मोरीवर नेऊन साबणानं हात धुवायला लावले आणि मग एकेकाची बोटं हुंगली. हो, हुंगली. समोरच्या घरातला एक पोरगा खिशावर हात ठेवून उभा होता. खिशात चिक्की. मी त्याची कॉलर धरली आणि पडवीच्या खाली नेऊन ठेवला. आवाज जरा चढलाच. बिचारा घरी गेला, आंघोळ करून बनियनवर परत आला आणि शेवटपर्यंत माझ्या हाताच्या टप्प्यात काही बसला नाही.

सजावटीचं काम सुरू झालं तसा पोरांना मात्र हुरूप आला. पिठाचा गोळा थापायचा आणि हवा तो आकार करायचा. कुणी होडी केली, कुणी कुर्ली, कुणी नारळाचं झाड, जे भाजल्यावर झाडू दिसणार होतं. डोळ्यांना मनुका, खवल्यांना भोपळ्याच्या बिया. भाजून आल्यावर घट्ट गुळाच्या पाकानं खोबऱ्याचा कीस चिकटवायचा, बिटाचा लाल, हळदीचा पिवळा. लाल रंगावरून आधीच दोन भांडणं झाली. भाईंची मुलगी आणि माझी लेक एका कोपऱ्यात बसून मासे करत होत्या. दोघींचे मासे सारखे, एकाच बाजूला पंख आणि तोंडात एक तीळ. “एकच पंख का गं?” मी विचारलं. “दुसरा पलीकडं हाय ना काकी, दिसत न्हाय,” मैत्रीण म्हणाली. बरोबरच होतं. मी पुढे सरकले तशा दोघी पुन्हा कुजबुजायला लागल्या आणि मी वळून बघितलं तशा गप्प झाल्या. मला ते खटकलं. पण मला सगळंच खटकतं, म्हणून मी सोडून दिलं.

भाजायला भाईंची भट्टी. आमच्याकडे दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन सगळी बेकरीवरच जातात. पण भाईंच्या बेकरीची दाण्याची बिस्किटं बोर्लीपर्यंत प्रसिद्ध. मी आठ दिवस आधी जाऊन उभी राहिले आणि माझ्या अटी सांगितल्या. पावाची भट्टी निघाली की लगेच पहिली माझी. पत्रे माझे, नवे कोरे. हात लावण्याआधी हात धुवायचे. भाईंनी ऐकून घेतलं आणि “व्हय वहिनी” म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा “व्हय वहिनी” म्हणाले. माणूस फार सहज हो म्हणाला की मला भरवसा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रे घेऊन गेले तेव्हा भाई धुतलेला शर्ट घालून उभे होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, शाळेत नखं दाखवतात तसे. मला लाज वाटायला हवी होती. मी तळवे नीट बघून घेतले. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत गेले आणि मी भट्टीच्या तोंडाशी उभी राहिले. मागच्या फळीवर काचेच्या बरण्यांत दाण्याची बिस्किटं होती. एक डोळा भट्टीवर, एक बरण्यांवर. घामानं पिशवीचा पट्टा खांद्याला चिकटला. गूळ आणि खोबऱ्याचा वास सुटला तरी माझं लक्ष त्याच्यावर जाईना.

“पत्रे राहू देत आजच्या दिवस,” नानकटाई काढून झाल्यावर भाई म्हणाले. “पाडव्याला पोरीकडं पाठवून देतो.”

हे मला आवडलं नाही. माझ्या पत्र्यांवर हे आता काय भाजणार? पण पहिली भट्टी घेतली होती, भाजणावळ घ्यायला ते तयार नव्हते, नको कशी म्हणणार? दुपारी पोरांनी लाल-पिवळा कीस चिकटवून सजावट पुरी केली आणि मी एक डबा भरून त्यांच्या मुलीच्या हाती घरी पाठवला. डबा रिकामाच पाठवा, हे मात्र सांगितलं नाही. तळवेसुद्धा बघून झाले होते, आणखी एक अपमान करायला जीभ रेटेना.

पाडव्याची सकाळ उजाडली. मागच्या चारही खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, नवरा त्यांच्या चहा-नाश्त्यात. पडवीत मी मोठी परात मांडली आणि पोरांना बोलावलं. होड्या, कुर्ल्या, झाडू, मासे. लेक सगळ्यांच्या मध्ये मांडी घालून बसली, डबा नाही, बाटली नाही. मी खांबाआडून बघत होते. तिनं हात घातला, दुसऱ्या कुणाचा तरी हात तिच्या हातावर आला आणि तिनं कोपरानं तो ढकलला. “माझी होडी हाय ती!” बनियनवाला ओरडला. “नाव लिहिलंय का?” माझी लेक म्हणाली आणि होडी तोंडात टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई झोपाळ्यावरून बघत होत्या, त्यांनीही पदर डोळ्याला लावला आणि मला दिसू नये म्हणून नाक पुसल्यासारखं केलं.

तेवढ्यात मागून हाक आली, खोलीतलं पाणी बंद झालंय. मी गेले. टाकीचा कॉक फिरवला, पाणी येईपर्यंत थांबले आणि परत आले.

पडवीच्या खांबाला माझे पत्रे टेकवून ठेवलेले होते. परात जवळजवळ रिकामी झाली होती. तिच्या शेजारी माझा स्टीलचा डबा, उघडा. भाईंची मुलगी लेकीला खेटून बसली होती आणि लेकीच्या हातात एक मासा होता, अर्धा खाल्लेला. एकाच बाजूला पंख, लाल खवले, तोंडात तीळ. मला वाटलं, आपलाच आहे. मग तुटलेल्या कडेकडे नजर गेली. आतून पांढरट होता. नाचणी काळपट असते. हा मासा आमचा नव्हता.

पुढचं सगळं फार भरभर झालं. मी तिच्या हातातला मासा उडवून दिला, तोंडात बोट घालून होता नव्हता तो घास बाहेर काढला. परात पालथी झाली. “काय घातलंय यात?” मी भाईंच्या मुलीला विचारलं. ती उठून उभी राहिली होती. “काकी, ते...” “दाणे आहेत का? बोल!” ती एक पाऊल मागे सरकली. आणि मी म्हणाले, सगळ्या पोरांसमोर, “पुन्हा तूच?”

ते दोन शब्द मला परत घेता येत नाहीत. मी नऊ वर्षांच्या पोरीला तिच्या सात वर्षांच्या वयातली चटणी फेकून मारली होती. ती तिथून पळाली, चपला तिथेच राहिल्या.

मला तेव्हा तिचं काही नव्हतं. मी लेकीला मांडीवर ओढून घेतलं, पिशवी उघडली, इंजेक्शन भरून हातात धरलं. नवऱ्यानं गाडी दाराशी आणून चालूच ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बदलला की क्षणही थांबायचं नाही. मी तिचे ओठ बघत होते. इतकं बघितलं की ते सुजल्यासारखेच दिसायला लागले. “जीभ दाखव. खाज येतेय? घसा दुखतोय? बोल काहीतरी.” “आई, मला काही होत नाहीये.” “आवाज का असा येतोय?” “तू दाबून धरलंयस म्हणून.” सासूबाई झोपाळा थांबवून देवाचं नाव घेत होत्या. बाकीची पोरं भिंतीला चिकटून उभी होती, कुणाच्या हातात खाऊ असेल तर तो पाठीमागे. गाडी घरघरत होती.

काहीच होत नव्हतं. आणि काही होत नाही, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

“आई, त्यात दाणे नसतात,” लेक म्हणाली.

“तुला काय माहीत?”

ती कुंपणाकडे बघायला लागली.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक आपटलं. भाईंची बायको, जिला मी भाभी म्हणते, पिठाच्या हातांनी धावत आली होती. मागे रडून लाल झालेली तिची मुलगी. भाभींनी आधी माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बसून लेकीचा चेहरा दोन्ही बाजूंनी वळवून बघितला, पापण्या खाली ओढून बघितल्या.

“काय झाला हिला? सुजली कुठं?”

“अजून काही नाही,” मी म्हणाले. “भाभी, त्या नानकटाईत काय होतं?”

“गव्हाचा पीठ, गूळ, तूप, खोबरा. पोरींना तुमच्यासारखीच करायची होती. तुमच्याच पत्र्यावर, तुमची भट्टी निघाल्या निघाल्या भाजली. म्हनून तर पत्रे ठेवून घेतले.”

“पण घरातलं पीठ, घरातले चमचे...”

“वहिनी,” भाभींचा आवाज चढला, “त्या दिवसापासून आमच्या घरात दाना आला न्हाय. चटनीला न्हाय, तेल न्हाय, ईदला न्हाय. मालक बेकरीत बिस्किटा करतात ना, तर विहिरीवर न्हाऊन, कपडे बदलून मग उंबरा ओलांडतात. तुमच्या कुंपनातून दिसत न्हाय का?”

दिसत होतं. भर दुपारी विहिरीवर उभं राहून घागरीमागून घागर ओतून घेणारे भाई मी शेकडो वेळा बघितले होते. मला वाटायचं, भट्टीची धग.

“पण का?” मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. “तुमच्या घरात कुणाला काही नाही.”

भाभींनी लेकीकडे बोट केलं. “का म्हनजे? ही जेवते ना आमच्याकडं.”

नवऱ्यानं गाडी बंद केली.

“कोण जेवतं?”

“तुमची लेक. साळा सुटल्यावर. रोज.” मग भाभींच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या लेकीचा दंड धरला. “तू म्हनालीस, आईला ठाव हाय! कसम घेऊन म्हनालीस ना मला?”

मीच लेकीला हलवलं, तेव्हा ती म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“आणि तुझा डबा? तो रिकामा यायचा...”

“तो आम्ही ताटात ओततो. मग दोघी खातो.”

“कुठल्या ताटात?”

“एकाच.”

मला आधी राग आला. भयंकर आला. दोन वर्षं ही पोर माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होती, आणि एखाद्या दिवशी भाभींच्या घरी कुणी पाहुणा चिवडा घेऊन आला असता तर? पिशवी माझ्या खांद्याला आणि पोर कुंपणापलीकडे! मी रागावले ते बरोबरच होतं, असं मी आजही म्हणेन. पण रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ते मला झेपलं नाही. जे एक ताट मांडायला मी वर्षभर जीव काढला, ते माझ्या लेकीसाठी रोज मांडलं जात होतं. आमच्या कुंपणापलीकडे. फक्त मला ठाऊक नव्हतं. मी तिथेच, पालथ्या परातीपाशी बसून रडले. पोरं घाबरली, कारण मी ओरडते हे त्यांना माहीत होतं, रडते हे नव्हतं.

भाभींनी मला समजावलं वगैरे नाही. त्यांनी आपल्या मुलीच्या चपला उचलल्या आणि म्हणाल्या, “माझ्या पोरीला तू जे बोललीस, ते बरा न्हाय केलास वहिनी.” अहो-जाहो गळून पडलं होतं. मी मुलीला हाक मारली. ती आईच्या पदराआड गेली, आणि दोघी गेल्या.

सासूबाई रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, “डबा त्यांनी रिकामा पाठवला नाही. तू काय पाठवणार?”

भाऊबिजेच्या दुपारी मी लेकीला घेऊन भाईंच्या घरी गेले. हातात तोच डबा. उरलेल्या नाचणीच्या पिठाचा मी एकच मासा केला होता, तळहाताएवढा, तव्यावर मंद भाजलेला, दोन्ही बाजूंना पंख. मुलगी दारातच उभी होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, “तू काही केलं नव्हतंस. आत्ताही नाही आणि तेव्हाही नाही. काकी घाबरली होती.” तिनं डबा उघडून मासा उलटापालटा करून बघितला. “दोन पंख कसे दिसतील?” ती म्हणाली. पण डबा घेतला.

तिथेच थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण मी मी आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी भाभींना म्हणाले, “मला डबे बघू देता?” भाई बाहेरच्या खोलीत खाकरले. भाभींनी माझ्याकडे एकदा बघितलं, पाट ओढला, त्यावर चढल्या आणि वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली काढून माझ्या हातात द्यायला लागल्या. तांदूळ, डाळ, मसाले, सुके बोंबील. मी प्रत्येक झाकण उघडलं, हुंगलं, परत दिलं. तेलाच्या डब्यावरचं लेबल वाचलं. शेवटचा डबा वर ठेवून भाभी खाली उतरल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, “झाला? आता जेवायला बस.”

मोठं ताट मध्ये आलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, कोपऱ्यात तो मासा. लेक आणि तिची मैत्रीण समोरासमोर बसल्या आणि माझ्याकडे न बघता एकाच भाकरीचे दोन तुकडे केले. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

“ठेव ती खाली,” भाभी म्हणाल्या. “एका हातानं भाकरी मोडत न्हाय.”

मी पिशवी खाली ठेवली. पट्टा तेवढा पायाच्या अंगठ्यात अडकवून ठेवला, आणि ताटात हात घातला.